खोल समुद्रांतील मत्स्यमृगया आणि तिची नौका

मासे धरणें हा कोणाचा धंदा असतो, तर कोणाचा छंद. धंदेवाल्यास समुद्रावर जावेंच लागतें. छंदी मनुष्य आपण होऊन जातो. अमेरिकेच्या पूर्वकिनाऱ्यावर, विशेषतः फ्लॉरिडा व उत्तर कॅरोलिना या संस्थानांत, किनारा नजरेआड होईपर्यंत आंत जाऊन मार्लिन, टूना यांसारख्या बलाढ्य माशांशीं एका गळानें झुंज घेण्याचा छंद पुष्कळांस आहे. आपल्या भाषेंत त्यास मत्स्यमृगया म्हणावें. अशा छंदाकरितां नौका घेणारा मनुष्य ती बहुधा बंदरांतील निश्चल पाण्यांत पाहतो. रंगाची चकाकी, मऊ गाद्या आणि वेगाचा आंकडा यांवर त्याची नजर खिळते. परंतु दुपारीं वारा फिरला व घर चाळीस मैल दूर राहिलें, म्हणजे या तिन्ही गोष्टी कुचकामाच्या ठरतात. त्या वेळीं कोणते गुण कामास येतात, याचा येथें विचार करूं.

प्रथम समुद्र कसा आहे तें पाहिलें पाहिजे. या किनाऱ्याजवळून गल्फ स्ट्रीम नांवाचा उष्ण प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्याचा वेग कित्येक ठिकाणीं तासीं चार मैलांपर्यंत असतो. मोठे मासे त्याच्या कडेकडेनें फिरतात, म्हणून शिकाऱ्यासहि तेथेंच जावें लागतें. आतां उत्तरेकडून वारा सुटला, तर वारा एकीकडे व पाणी दुसरीकडे अशी स्थिति होते. लाटा आंखूड होतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात. कोंकणांतील खाडीच्या तोंडाशीं, ओहोटीचें पाणी बाहेर पडत असतां समोरून वारा आला म्हणजे जी खळबळ माजते, ती ज्या विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल त्यांस याची कल्पना सहज येईल. लांब, सावकाश उठणारी लाट उंच असली तरी होडीस उचलून खालीं ठेवते; आंखूड लाट तिला आपटते.

या आपटण्यावर उपाय तळाच्या आकारांत आहे. सपाट तळाची होडी थोड्या शक्तीनें पाण्यावर चढून धांवते व उभी असतांना फारशी डुलत नाहीं. पण लाटेवरून खालीं आली कीं हातोड्यासारखी पडते. तळ पाचरीच्या आकाराचा असेल, तर तो पाणी चिरीत उतरतो. पूर्वीं वेगवान नौकांचा तळ नाळेशीं पाचरीसारखा करून पिछाडीकडे सपाट करीत असत. रेमंड हंट या अमेरिकन आराखडेकारानें ही पाचर थेट पिछाडीपर्यंत नेली, आणि तळावर लांबट पट्ट्या बसवून उडणारें पाणी बाजूस वळविलें. रिचर्ड बर्ट्रम यानें या आराखड्यावरून ‘मॉपी’ नांवाची लांकडी नौका बांधविली (हें त्याच्या पत्नीचें लाडकें नांव!) आणि १९६० सालीं मायामी ते नॅसॉ या शर्यतींत ती उतरविली. त्या दिवशीं समुद्र अतिशय खवळलेला होता. मॉपी सुमारें आठ तासांत पोंचली. दुसरी आलेली नौकाहि हंटच्याच आराखड्याची होती. बाकीच्या नौकांस दुसरा दिवस उजाडला. पुढें मॉपीच्याच अंगावरून सांचा घेऊन कांचतंतूंच्या नौका निघूं लागल्या. ‘बर्ट्रम ३१’ हें त्यांचें नांव आजहि आदरानें घेतात.

तथापि शर्यत ही एक गोष्ट व मासे धरणें ही दुसरी. या तळाच्या दोन्ही बाजू पिछाडीशीं आडव्या पातळीपासून सुमारें २४ अंश वर चढलेल्या असतात. अशी खोल पाचर धांवतांना जितकी सुखावह, तितकीच थांबली असतां अस्वस्थ. ती पाळण्यासारखी झुलते. तिला उचलण्यास शक्तिहि अधिक लागते. आणि शिकारी दिवसभर करतो काय? मंद गतीनें गळ ओढीत फिरतो, किंवा यंत्र बंद करून वाहत राहतो. झुलत्या होडींत उभें राहून माशाशीं झगडणारा मनुष्य लवकर थकतो, व थकलेला मनुष्य परत येतांना चुका करतो. म्हणून नाळेशीं धारदार आणि पिछाडीकडे थोडा सौम्य झालेला तळ, त्यास भरपूर वजनाची जोड, हाच मध्यम मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. वेगांत चार मैल कमी पडले तर कांहीं बिघडत नाहीं.

नाळेसंबंधीं उत्तर कॅरोलिनांतील कारागीर पाहण्यासारखे आहेत. तेथें ओरेगॉन इन्लेट म्हणून समुद्राचें एक तोंड आहे; १८४६ सालच्या तुफानानें तें उघडलें. त्याच्या वाळूचे बांध सारखे सरकतात व त्यांवर लाटा फुटतात. आणि नौकांस तर रोज तेथूनच ये-जा करावी लागते. या अनुभवांतून त्यांनीं नाळेच्या दोन्ही बाजू वर जातांना बाहेर फांकविल्या, फुलाच्या पाकळीसारख्या. खालचा भाग लाट चिरतो, वरचा तिला बाहेर ढकलतो. हा आकार लोकांस सुंदर दिसतो म्हणून आतां शांत तळ्यावरील होड्यांसहि देतात, तो भाग वेगळा.

पुढून येणाऱ्या लाटेहून मागून येणारी लाट अधिक कपटी असते. लेखक हेमिंग्वे यानें १९३४ सालीं ‘पिलार’ ही अडतीस फुटांची नौका बांधवून घेतली, तेव्हां मोठा मासा आंत ओढतां यावा म्हणून तिची पिछाडी मुद्दाम ठेंगणी करून वर लांकडी रूळ बसविला. शिकाऱ्याची ही सोय समुद्राचीहि सोय आहे! पिछाडीच्या चौकांत एक लाट शिरली असें समजा. चौक दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि पाणी एक फूट खोल, म्हणजे ८० घनफूट. समुद्राच्या पाण्याचें एक घनफूट सुमारें ६४ पौंड भरतें. तेव्हां हें ओझें ५,१२० पौंडांचें झालें. शिवाय तें एके जागीं राहत नाहीं. नौका ज्या अंगास कलेल त्याच अंगास धांवतें व तिला आणखी कलवितें. म्हणून चौकाची जमीन बाहेरील पाण्याच्या पातळीहून उंच असावी आणि पाणी आपोआप निघून जाण्यास मोठालीं छिद्रें असावींत. विकत घेणाऱ्यानें हीं छिद्रें वाकून पाहावींत. माणसें, बर्फ व पूर्ण इंधन भरल्यावरहि तीं पाण्यावर राहतात काय, हें विचारावें. मासे हेरण्याकरितां वर जो उंच मनोरा उभारतात, त्यानें गुरुत्वमध्य वर सरकतो हेंहि विसरूं नये.

नौका उलटली किंवा भरली तरी तरंगावी, हा शेवटचा आधार. अमेरिकेंत ‘बॉस्टन व्हेलर’ या होडीच्या दोन कवचांमध्यें फेंस भरून तो घट्ट करीत. १९६१ सालीं तिच्या निर्मात्यानें होडींत बसून ती मधोमध करवतीनें कापविली, व अर्धा भाग घेऊन तो निघून गेला. या प्रसंगाचीं चित्रें ‘लाइफ’ साप्ताहिकांत आलीं. वीस फुटांहून लहान अशा बहुतेक यांत्रिक होड्यांत आज तेथील कायद्यानेंच तरंगण्याची सोय असावी लागते. परंतु मोठ्या नौकांस ती सक्ति नाहीं, हें घेणाऱ्यास पुष्कळदां माहीत नसतें. २००९ सालच्या फेब्रुवारींत फ्लॉरिडाच्या पश्चिमेस चार मित्र एकवीस फुटी होडी घेऊन मेक्सिकोच्या आखातांत खूप आंत गेले. नांगर अडकला. त्यांनीं त्याचा दोर पिछाडीस बांधून यंत्राच्या जोरानें तो उपटण्याचा यत्न केला. पिछाडी दबली, पाणी आंत आलें, होडी उलटली. त्यानंतर हवा अधिकच बिघडली. चाळीस तासांहून अधिक काळ लोटल्यावर तटरक्षक दलास एकच तरुण सांपडला. तो उलट्या पडलेल्या, पण न बुडालेल्या होडीस धरून होता. होडीनें आपलें काम केलें होतें. नांगराचा दोर नेहमीं नाळेसच बांधावा हें तिला सांगतां येत नव्हतें.

यंत्रें दोन असावींत, आणि प्रत्येकाची इंधनाची नळी वेगळी असावी. पिलारवर मोठ्या यंत्राबरोबर एक लहान यंत्र होतें, तें याच हेतूनें. इंधनाचा एक भाग जाण्यास, एक परतण्यास व एक अडचणीस, असा जुना हिशेब आहे. टाकी पाहतांना तो मनांत धरावा. जोडतळाच्या नौका आंखूड लाटांवर फार मऊ चालतात व थांबल्या असतां डुलत नाहींत. परंतु मागून येणाऱ्या लाटांत कांहींचें वळण चमत्कारिक असतें, तेव्हां स्वतः चालवून पाहिल्यावांचून त्या घेऊं नयेत.

चालवून पाहण्याचा दिवसहि वाऱ्याचा निवडावा. विकणारा शांत सकाळ सुचवील. त्यास नम्रपणें नकार द्यावा. बंदराबाहेर गेल्यावर लाट समोरून, मग आडवी, मग मागून घेऊन पाहावी. मागून घेतांना नाळ पुढच्या लाटेंत खुपसते काय, व सुकाणू हातांत राहतें काय, हें ध्यानांत ठेवावें. नंतर यंत्रें बंद करून अर्धा तास नौका वाऱ्यावर सोडावी, आणि कोणाचाहि आधार न घेतां चौकांत उभें राहून पाहावें.