पाच वॅटचा आवाज

आमच्या घरी पूर्वी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं तरी तो लगेच बोलायचा नाही. आधी मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसायचा, अर्धं मिनिट जायचं, मग आवाज यायचा. धाकट्याने गिटारसाठी व्हॉल्व्हचाच अॅम्प्लिफायर मागितला तेव्हा मला तो रेडिओ आठवला.

"अब्बा, छोटासाच आहे, पाच वॅटचा."

रात्री लावायच्या दिव्यालाही याहून जास्त वॅट लागतात, म्हणून मी हो म्हटलं. तिसऱ्याच दिवशी भिंतीवर टकटक झाली. पलीकडे शेजारच्या आजी असतात. त्यांना आधीच झोप कमी.

चूक माझ्या हिशेबात होती. वीज दहापट केली तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटच्या तुलनेत पाच वॅटचा आवाज निम्मा, दहावा हिस्सा नव्हे. गिटारचा चांगला स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावरून ९५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पाच वॅटला तो शंभरी ओलांडतो. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोजण्याची रीत वेगळी असली, तरी अंतर कळावं.

मग आवाज कमी का करत नाहीत? कारण व्हॉल्व्हला ताण पडला की सुरांच्या लाटेचे माथे दबतात, आवाज किंचित फाटतो, भरदार होतो. वाजवणाऱ्याला हवा असतो तो हाच. १९५०च्या दशकातल्या फेंडर चॅम्पमध्ये शेवटचा व्हॉल्व्ह एकच होता, आठ इंची स्पीकर आणि आवाजाची एकच खुंटी. ती पिळल्याशिवाय हा रंग येत नाही.

म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक वॅट किंवा त्याहून कमी ताकदीवर चालणारा घ्यावा, नाहीतर ताकद उतरवायची कळ असलेला. 'मास्टर व्हॉल्यूम' असला तर पुढचे छोटे व्हॉल्व्ह तापवून बाहेरचा आवाज दाबता येतो. मात्र शेवटचा व्हॉल्व्ह निवांतच राहतो, त्यामुळे रंग थोडा कोरडा. माझ्या कानाला तो चालतो. धाकट्याला चालत नाही.

परदेशातून कुणी स्वस्तात आणून देत असेल तर मागची पाटी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टला थेट जोडू नका. आणि स्पीकर काढून व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चालवणं म्हणजे आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी. झाकण तर उघडूच नका. आत तीनशे व्होल्ट असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात.

दुकानदाराने आमचा पाच वॅटचा पैसे कापून परत घेतला. एका वॅटचा आणल्यावर मी आजींच्या खोलीत जाऊन बसलो आणि धाकट्याला वाजवायला सांगितलं. वरचे सूर जवळजवळ येत नव्हते. जाड तारेची घरघर मात्र भिंतीतून येत होती. अॅम्प्लिफायर भिंतीपासून हलवून जमिनीवरून खुर्चीवर ठेवला, खर्ज उतरवला, तेव्हा ती बरीच कमी झाली. आजी म्हणाल्या, "आता वाजवू दे. पण चारनंतर."