कढी न फुटण्याचं गणित

कतारमधल्या लुसैल शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, पण एसीच्या गारव्यात घरात दही लवकर लागत नाही. विरजणातले जिवाणू 40 ते 45 अंशांत जोमाने वाढतात. म्हणून कोमट दुधाला विरजण लावून भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवावं, आच न लावता, फक्त आतला दिवा चालू ठेवून.

इथल्या दुधालाही इतिहास आहे. जून 2017 मध्ये शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली आणि सौदीतून येणारं दूध थांबलं. जुलैत चक्क विमानातून गाई आल्या! त्या आणणाऱ्या 'बलदना' या दूध कंपनीचे वातानुकूलित गोठे लुसैलच्या उत्तरेला, अल खोर भागात आहेत.

आता कढी. दह्यातलं केसीन हे प्रथिन तापलं की गोळा होतं, पाणी सुटतं आणि कढी फुटते. बेसनातला स्टार्च उष्णतेने फुगतो, कढीला दाटपणा देतो आणि प्रथिनांचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणूनच बेसन आधी, थंड ताकातच घुसळायचं.

वाटीभर आंबट दही, दीड चमचा बेसन, तीन वाट्या पाणी. आलं-मिरचीचा ठेचा, हळद, चिमूटभर साखर. तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी करून त्यात हे सगळं एकत्र घुसळून केलेलं ताक ओतावं आणि मंद आचेवर सतत ढवळावं. कडेने बुडबुडे दिसू लागले की आच आणखी कमी करून बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत शिजवावं. खळखळून उकळू नये. मीठ शेवटी घालावं. सोबत मुगाची मऊ खिचडी हवीच.