खाली पडलेल्याची विद्या

भोर-वेल्हे भागातील यात्रा कुस्त्यांच्या आखाड्याशिवाय पुरी होत नाही. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात आणि शेवटी मानाची कुस्ती लागते. या मातीचा एक नियम लहान मुलालाही ठाऊक असतो. दोन्ही खांदे जमिनीला लागले की पैलवान चीत, कुस्ती संपली.

परंतु आडवाटेला झालेला हल्ला असा संपत नाही. तेथे पंच नसतो. वाडीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जाणाऱ्या एखाद्या मुलीला कुणी खाली पाडले, तर तिची खरी झुंज पाठ टेकल्यानंतर सुरू होते. त्या क्षणी काय करावे हे शिकवणारी एक विद्या आहे. तिचे नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. पुण्या-मुंबईत तिचे वर्ग चालतात. आपल्या मुलामुलींना तिची ओळख व्हावी म्हणून हा लेख.

दुबळ्या अंगाची ताकद

१८८२ साली जपानमध्ये जिगोरो कानो या शिक्षकाने जुन्या जुजुत्सूतील घातक प्रकार बाजूला ठेवून ज्युदोची शाळा काढली. त्या शाळेत तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली. त्या घरातील एलियो हा अंगाने किरकोळ. ताकदीच्या जागी त्याने तरफेचे तत्त्व वापरले. पहारीने मोठा धोंडा हलवावा तसे योग्य जागी, योग्य वेळी थोडे बळ लावायचे.

१९५१ मध्ये जपानच्या मासाहिको किमुरा यांनी एलियोला हाताच्या पेचात हरवले. पुढे त्या पेचालाच ‘किमुरा’ हे नाव पडले. ज्याच्याकडून हरलो त्याचा डावही शिकून घ्यावा, ही वृत्ती घेण्यासारखी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एलियोचा मुलगा रॉयस याने आपल्याहून वजनदार मल्लांना एकाच रात्री नमवले, तेव्हा जगाचे लक्ष या विद्येकडे गेले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जिउ-जित्सूचा समावेश झाला.

छातीवर आडवा भार

प्रतिस्पर्धी बाजूने येऊन आपल्या छातीवर छाती टेकतो आणि आडवा पडून दाबतो. या स्थितीला ‘साइड कंट्रोल’ म्हणतात. श्वास कोंडतो, जीव घाबरतो. अशा वेळी माणूस हमखास दोन चुका करतो.

पहिली चूक म्हणजे हात सरळ ताणून वरच्याला ढकलणे. त्याने दम जातो आणि ताणलेला हात आयता त्याच्या तावडीत सापडतो. दुसरी चूक म्हणजे त्याच्याकडे पाठ करून पालथे होणे. कुस्तीत पाठ वाचवण्यासाठी पैलवान पालथा होतो, ते तेथे बरोबर आहे. परंतु हल्ल्याच्या वेळी पालथे झाले की आपली मान मागून मोकळी मिळते आणि गळा आवळला जातो.

सुटका कशी करावी?

१. आधी श्वास सावरा. कोपरे बरगड्यांजवळ घ्या. एका हाताची कोपरापुढची बाजू त्याच्या मानेशी आडवी लावा, दुसऱ्या हाताची त्याच्या कमरेशी. हा ढकलण्याचा जोर नव्हे. घराच्या आढ्याला टेकू द्यावा तसा हा टेकू आहे.

२. दोन्ही पावले ढुंगणाजवळ रोवा. कंबर जोरात वर उचला आणि त्याच्या बाजूला वळवा. याला ‘ब्रिज’ म्हणतात. भार क्षणभर हलतो.

३. तो परत खाली बसण्याआधीच कुशीवर व्हा आणि कंबर त्याच्यापासून मागे सरकवा. कोळंबी अंग आखडून मागे सरते, तशी ही हालचाल.

४. मिळालेल्या फटीत जवळचा गुडघा घाला. मग दोन्ही पाय त्याच्या आणि आपल्या मध्ये आणा. आता आपण खाली असलो तरी बंदिस्त नाही.

दुसरी वाट आपल्या पैलवानांना सोपी जाईल. जागा झाली की त्याच्याकडे वळून आपला हात त्याच्या काखेखालून घाला, गुडघ्यांवर या आणि त्याचा पाय धरा. येथून पुढे आपला ओळखीचा पट काढणे आहेच.

खालूनही डाव

वरच्याचा हात आपल्या कमरेजवळ रेंगाळत असेल तर एका हाताने त्याचे मनगट धरावे. दुसरा हात त्याच्या दंडावरून नेऊन खालून आणावा आणि स्वतःचे मनगट पकडावे. हाच किमुरा. छातीवर भार असताना याने तो लगेच हरेल असे नाही. पण हात वाचवण्यासाठी त्याला हलावे लागते आणि तो हलला की सुटकेची फट मिळते. बचाव आणि हल्ला येथे एकमेकांच्या कामी येतात.

सराव जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, जाड गादीवरच करावा. जोडीदाराने हाताने थाप दिली की पेच तत्काळ सोडावा. आणि खऱ्या हल्ल्यात उद्देश एकच, उठून दूर जाणे व ११२ वर फोन करणे.

धम्म आणि प्रतिकार

कुणी विचारील, पंचशील घेणाऱ्यांनी झुंजीचे धडे का घ्यावेत? भोरहून वरंधा घाट उतरला की महाड येते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. त्याच बाबासाहेबांनी समता सैनिक दलही उभे केले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिंह सेनापतीच्या प्रसंगातून त्यांनी स्पष्ट केले आहे की, अहिंसा म्हणजे दुष्टापुढे शरणागती नव्हे. जिवे मारण्याची इच्छा वेगळी आणि स्वसंरक्षणाची गरज वेगळी. भारतीय न्याय संहितेनेही, कलम ३४ ते ४४ मध्ये, स्वसंरक्षणाचा हक्क मर्यादेसह दिला आहे. समोरच्याला ठोसा न मारता रोखून धरता येते, म्हणून ही विद्या शीलाशी सुसंगत वाटते.

विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास गाद्या अंथरता येतील. पुण्याहून प्रशिक्षक बोलवावा, मुलींसाठी शक्यतो महिला प्रशिक्षक असावी. तालमीतील जुन्या वस्तादांनाही बरोबर घ्यावे. आईवडिलांनी मुलीला ‘लवकर घरी ये’ एवढेच सांगून थांबू नये. तिला सरावालाही पाठवावे. शिक्षणाने आपण मान ताठ करायला शिकलो. अंगावर भार पडला तरी खालून उठण्याची सवयही आता शरीराला लागली पाहिजे.

जय भीम!