गिरणगावचे दप्तर

ऐतिहासिक साधन म्हटले म्हणजे आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे मोडी कागदांचे रुमाल, ताम्रपट, शिलालेख, पोथ्या आणि फार तर एखादा पडका वाडा येतो. गिरणीतील हजेरीपत्रक किंवा पगाराची पावती ही साधनांत मोजण्याची आपली रीत नाही. तथापि मुंबईतील ज्या भागास लोक गिरणगाव म्हणतात त्या परळ, लालबाग, काळाचौकी, लोअर परळ व वरळी ह्या टापूतील हजारो कुटुंबांचा घराचा हक्क आज नेमका अशाच कागदांवर अवलंबून आहे. हे कागद ज्या इमारतींत लिहिले गेले त्या इमारती मात्र एकामागून एक पाडल्या जात असून त्यांच्या जागी नवी वसाहत उभी राहत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही ह्या टापूचे दोन दिवस पायी अवलोकन केले. त्यावरून तेथे काय उरले आहे, जे गेले ते कोणत्या कारणाने गेले आणि संग्राहकांचे ह्या बाबतीत कर्तव्य काय, हे वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे १८५४ साली स्थापिली व ती १८५६ साली चालू झाली. पुढे गिरण्यांचा विस्तार भायखळ्यापासून दादरपर्यंत होत गेला. रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून माणसे आली व चाळींतील गाळ्यांतून गावागावांच्या जमातीने राहिली. १८७५ साली मालकांचा संघ झाला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला आणि १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. हे कामगार सही, अर्ज व कागद ह्यांचे मोल प्रथमपासून ओळखून होते, हे ह्या अर्जावरून ध्यानी येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत कधीच चालल्या नाहीत, आणि सुमारे ६०० एकर जमिनीचे पुढे काय, हा प्रश्न उत्पन्न झाला.

आता स्थलवर्णन. गिरणीचे आवार हेही वाचता येण्याजोगे साधन आहे. सूत कातण्याचे खाते बहुधा अनेक मजली इमारतीत असे. विणाईचे साचे चालताना फार हादरे बसतात, म्हणून ते जमिनीलगत एकमजली शेडमध्ये मांडीत. ह्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असते व दात्यांची उभी बाजू काचेची असून तिचे तोंड उत्तरेस असते. कारण असे की, उत्तरेकडून येणारा उजेड मंद व एकसारखा असतो, थेट ऊन सुतावर पडत नाही आणि तुटलेला धागा विणकरास तत्काळ दिसतो. हवा कोरडी असली म्हणजे सूत तुटते. मुंबईची दमट हवा ह्या धंद्यास मानवली ह्याचे हे एक कारण होय. आवारातील तलाव बाष्पयंत्राच्या पाण्यासाठी असत. धुराड्याची उंची भट्टीस ओढ मिळावी म्हणून असे. १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईस मिळू लागली तेव्हापासून एंजिनघरांचे महत्त्व ओसरले. तरी रंगकाम व धुलाई ह्यांस वाफ लागतच राहिल्याने अनेक धुराडी टिकून राहिली. ह्याप्रमाणे छप्पर, तलाव व धुराडे ह्या तीन खुणांवरून आवारातील कोणत्या जागी कोणते खाते होते, ह्याचा तर्क अजूनही पुष्कळ अंशी करता येतो.

सेनापती बापट मार्गावर (हा पूर्वीचा तुळशी पाइप रोड, तुळशी तलावाच्या नळावरून ते नाव पडले होते) फिनिक्स मिलचे धुराडे अद्याप उभे आहे. त्याच्या पायथ्याशी कापडाची दुकाने आहेत, परंतु तेथे विकले जाणारे कापड तेथे विणले जात नाही. लगतच्या कमला मिलच्या आवारात कचेऱ्या व उपाहारगृहे आहेत. श्रीनिवास मिलच्या जागेवर गगनचुंबी निवासी मनोरे उभे आहेत. ह्याच्या उलट काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले असून तेथील जुना तलाव त्या योजनेत राखला आहे.

काही ठिकाणी जुनी शेड राहिली व काही ठिकाणी तिचा चिराही उरला नाही, ह्याचे कारण मालकांच्या रसिकतेत शोधू नये. ते कायद्याच्या कलमात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीच्या वाटणीचे तत्त्व घातले: ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळास घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकास. मात्र उभ्या इमारती न पाडता त्यांचा उपयोग बदलला तर वाटणी द्यावी लागत नसे. म्हणून त्या दशकात काही मालकांनी शेड राखल्या आणि आतला व्यवहार तेवढा पालटला. २००१ साली नियमात बदल होऊन वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारत पाडून मोकळी होणारी जमीन तीतून वगळली गेली. गिरण्यांची आवारे बहुतांशी बांधकामाने भरलेली असल्याने सार्वजनिक वाटा अत्यंत आकसला व शेड पाडण्यातील अडसरही दूर झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ह्याविरुद्ध निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला. तात्पर्य, गिरणगावात एखादी करवती छपराची शेड दिसली तर तिच्यावर १९९१ च्या नियमाची, आणि तिच्या जागी मनोरा दिसला तर २००१ च्या दुरुस्तीची मुद्रा उमटली आहे असे बहुधा समजावे.

जमिनी पालटल्या तरी रस्ते व पूल जुन्या मापाचेच राहिले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. ह्या स्थानकाचे नाव २०१८ साली प्रभादेवी झाले. नामांतराचा ओघ इतरत्रही चालू आहे. लोअर परळच्या काही भागास बांधकाम व्यावसायिक ‘अपर वरळी’ म्हणू लागले आहेत. दादरच्या ‘इंदू मिल’ ह्या नावाने संस्कृतज्ञांनी फसू नये. तेथे चंद्राचा काहीएक संबंध नसून इंडिया युनायटेड ह्या कंपनीनामाचा तो लोकांनी केलेला संक्षेप आहे. त्या जागी आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मारक होत आहे. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ह्या नावाची व्युत्पत्ती शोधू लागेल, तेव्हा गिरणीचा छापील कागद हाताशी नसेल तर तो चंद्रवंशापर्यंत जाऊन पोहोचेल!

येथून मुख्य विषयाकडे वळू. परळ येथे १९३१ साली रस्त्याच्या कामात एक भव्य प्राचीन शैव शिल्प सापडले. ते आज बारादेवीच्या देवळात आहे व विद्वान त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. दगड दीड हजार वर्षे मातीखाली राहून पुन्हा वर येतो. कागदास ते भाग्य नाही. इमारत पाडताना त्यातील दप्तर रद्दीत गेले की त्याचे उत्खनन कोणासही करता येत नाही.

हे नुकसान केवळ अभ्यासाचे असते तर हळहळून स्वस्थ बसता आले असते. परंतु गिरणीच्या जमिनीवर कामगारांस घरे देण्याची योजना ठरली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र धरला गेला, आणि ही पात्रता कागदाने सिद्ध करावयाची होती. ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेच्या नोंदवहीचा उतारा, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, कामगार विमा योजनेचा क्रमांक असे हे पुरावे होत. २०१२, २०१६ व २०२० साली घरांच्या सोडती निघाल्या. अर्जदार लाखाहून अधिक आणि घरे काही हजार, असे ह्याचे मान आहे. ज्याची गिरणी बंद पडली, कचेरी पाडली गेली आणि घरचा पास पावसाळ्यात भिजून गेला, त्याने आपले अर्धे आयुष्य कोठे गेले हे कशाने सिद्ध करावे?

आपल्या वाचकांस ह्यावरून इनाम कमिशनची आठवण होईल. १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्या कमिशनास अधिकार मिळाले आणि दक्षिणेतील इनामदारांस आपापल्या सनदा पुढे आणणे भाग पडले. ज्याचा कागद शाबूत त्याचे इनाम शाबूत, असा तो काळ होता. ज्या घराण्यांनी वाळवी व अग्नी ह्यांपासून रुमाल राखले ती तरली. गिरणी कामगाराचा पास ही त्याची सनद होय. फरक इतकाच की, इनामदारापाशी कागद ठेवण्यास वाडा होता आणि ह्याच्यापाशी दहा-पंधरा जणांच्या गाळ्यातील पत्र्याची एक पेटी होती.

अशी एक पेटी आम्हांस पाहावयास मिळाली. कुटुंबाचे व गिरणीचे नाव येथे देत नाही. आत तीन कागद होते. पहिला बदली कामगाराचा पास, जाड पुठ्ठ्याचा, घडीवर फाटलेला. तिकीट नंबर शाईचा व अद्याप स्पष्ट. दुसरी भविष्यनिर्वाह निधीची पावती, पातळ कागदाची, अक्षरे फिकट. तिसरी पगाराची पावती, तिच्या पाठीवर पेन्सिलीने खानावळीच्या देण्याचा हिशेब. पहिल्यावर नाव बाळू, दुसऱ्यावर बाळकृष्ण आणि तिसऱ्यावर आडनावाच्या जागी गावचे नाव. पोथ्यांचे पाठ जुळविणाऱ्यास हा प्रकार परिचित आहे. तीन पाठ भिन्न असले तरी मूळ एक, हे तिकीट नंबराच्या व तारखांच्या साम्यावरून सहज दाखविता येते. परंतु कचेरीत पाठभेदाचे शास्त्र चालत नाही. तेथे नाव जुळले नाही की अर्ज अडतो. अशा वेळी जुने कागद वाचण्याची सवय असलेल्या माणसाने लिहून दिलेले एक टिपण त्या कुटुंबाच्या उपयोगी पडू शकते. आमच्या विद्येचा इतका रोकडा उपयोग आम्हांस क्वचितच आढळला आहे.

गिरणगावच्या दप्तराचे तीन वर्ग पाडता येतील. पहिला कंपनीचा: वार्षिक अहवाल, हिशेब, यंत्रांच्या नोंदी, आवाराचे नकाशे. दुसरा कामगाराचा, ज्याचे वर्णन वर आलेच आहे. तिसरा वस्तीचा: भाडेपावत्या, गावकरी मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, खानावळींचे हिशेब, संपाची हस्तपत्रके, भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या व हौशी नाटकमंडळ्यांच्या नकला. ह्यांतील शेवटचे दोन प्रकार तर हस्तलिखितांच्या संग्राहकांस घरचेच वाटावेत. मौखिक पुराव्याच्या बाजूने मीना मेनन व नीरा आडारकर यांनी कामगारांच्या निवेदनांचा संग्रह २००४ साली प्रसिद्ध करून मोठे काम केले आहे. कागदांच्या बाजूने तसे काम व्हावयास हवे.

ते करताना पाळावयाचे काही नियम सुचवितो. एका ठिकाणचे कागद एकत्रच ठेवावेत. विषयवार फोडू नयेत, कारण बासनाचा क्रम हाही पुरावा असतो. कागद कोठून, कोणाकडून व कोणत्या दिवशी मिळाला हे त्याच दिवशी टिपावे. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावू नये व प्लास्टिकमध्ये तो कायमचा चिकटवून बंद करू नये. पाठकोऱ्या बाजूची पेन्सिलीची नोंद मुख्य मजकुराइतक्याच काळजीने उतरावी. इमारत पाडली जाणार असे कळताच तिचे छायाचित्र व मोजमाप घ्यावे आणि कोणते खाते कोठे होते हे तेथे काम केलेल्या माणसाकडून नकाशावर लिहून घ्यावे. ही माणसे आता वृद्ध झाली आहेत.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. जुन्या बाजारात गिरणीचे पास व पावत्या विक्रीस येतात व संग्राहक ते हौसेने घेतात. कामगाराच्या नावाचा पास दिसल्यास तो आपल्या संग्रहात भर घालणारी वस्तू म्हणून पाहू नये. त्या नावाचे कुटुंब कदाचित अद्याप घराची वाट पाहत असेल. कामगाराच्या घरून तर मूळ कागद मुळीच घेऊ नये; छायाचित्र घ्यावे, नक्कल करावी आणि मूळ त्याच पेटीत परत ठेवावे. बाजारात मिळालेल्या पासाचा नंबर व गिरणीचे नाव कामगार संघटनांस कळवावे. मालक सापडल्यास पास त्याचा त्यास द्यावा.

ज्या सभासदांपाशी असे कागद असतील त्यांनी त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती आहे. यादीत गिरणी, खाते, वर्ष व तिकीट नंबर एवढे असले तरी पुरे. इत्यलम्.