माळावरील हिंवाळी पाहुणा

दसऱ्याच्या सुमारास रब्बीची ज्वारी वर येऊं लागली म्हणजे पुणें व सोलापूर या जिल्ह्यांतील उघड्या माळांवर एक पाहुणा उतरतो. त्याचें नांव भोवत्या. तो शिकारी पक्षी आहे. परंतु घारीप्रमाणें तो गांवावर घिरट्या घालीत नाहीं. म्हणून पुष्कळांच्या दृष्टीस तो पडत नाहीं, आणि पडला तरी ‘घारच असेल’ असें म्हणून लोक पुढें जातात. या पाहुण्याची खरी ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा हेतु आहे.

भोवत्यांच्या कांहीं जाती हिंवाळ्यांत आपल्या देशांत येतात. त्यांपैकीं पांढुरका भोवत्या दुर्मिळ होत चालला असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्याची गणना संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत केली आहे. रशिया व कझाकस्तान येथील विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत तो जमिनीवरच घरटें करतो. तेथें थंडी पडूं लागली कीं तो दक्षिणेकडे निघतो, आणि चैत्राच्या सुमारास परत जातो.

त्यास ओळखावें कसें? पंख पसरले असतां त्यांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारें ३ ते ४ फूट भरते. शेंपटी लांब असते. घारीच्या शेंपटीसारखी ती दुभंगलेली नसते. जमिनीपासून थोड्याच फुटांवरून, पंख किंचित् वर उचलून, तो गवतावर तरंगत जातो. घुबडाप्रमाणें त्याच्या चेहऱ्याभोंवतीं पिसांचें कडें असते, व त्यायोगें गवतांतील बारीक खसखसही त्याला ऐकूं येते. नाकतोडे, उंदीर व लहान पक्षी हें त्याचें भक्ष्य होय.

याचा नर फिकट राखी, दुरून जवळजवळ पांढराच दिसतो, व पंखाच्या टोकास पाचरीसारखा निमुळता काळा डाग असतो. माँटेग्यूचा भोवत्या म्हणून याचा एक भाऊबंद आहे. त्याच्या नराचा रंग अधिक गडद असून पंखावर एक आडवी काळी रेघ असते. कापशी घारही पांढरट असते. परंतु तिचा काळा रंग खांद्यावर असतो, आणि ती हवेंत एके ठिकाणीं पंख फडफडवीत थांबते. माद्या मात्र तपकिरी असून दोन्ही जातींच्या माद्यांत भेद करणें जाणत्यांसही कठीण जातें. अशा वेळीं वहींत ‘भोवत्या, जात अनिश्चित’ एवढेंच लिहावें. दुर्मिळ पक्षी पाहिल्याचा आनंद मोठा खरा, परंतु खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षां वाईट.

सूर्यास्ताच्या वेळीं हे पक्षी उंच गवतांत जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामास जमतात. गुजराथेंत भावनगरजवळ वेळावदर येथें काळविटांसाठीं १९७६ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें; तेथील गवतांत हिंवाळ्याच्या संध्याकाळीं शेंकडों भोवत्यांचा मेळा भरतो. असा मुक्काम आढळल्यास दूर बसूनच पाहावें. गवतांत शिरून त्यांस उठवूं नये.

आतां मुख्य गोष्ट. ज्या भूमीस आपण ‘पडीत’ म्हणतों, ती या पक्ष्याचें घर होय. १९५४ पासून सोव्हिएट राज्यांत ‘पडीत’ गवताळ भूमि नांगरण्याची प्रचंड मोहीम झाली, आणि उत्तरेंतील त्याच्या घरट्यांची पुष्कळ जागा शेतांखालीं गेली. इकडेही माळ म्हणजे निरुपयोगी जमीन, असें समजून कोठें नांगर, कोठें कारखाने, तर कोठें सद्हेतूनें लाविलेलीं झाडें येत आहेत. जेथें मूळचें गवतच योग्य, तेथें वृक्ष लाविणें हेंही एक प्रकारें घर मोडणेंच आहे. दोन्हीं घरें गेल्यावर पाहुण्यानें यावें तरी कोठें?

विद्यार्थ्यांनीं पौष-माघांतील एखाद्या सुटीच्या दिवशीं सकाळीं गांवाबाहेरील माळावर जावें, दुर्बीण मिळाल्यास बरोबर घ्यावी, व शांत बसून गवतावर नजर ठेवावी. तारीख, वेळ, स्थळ व पाहिलेली खूण वहींत टिपावी. दरवर्षीं एकाच माळाची अशी नोंद झाली, तर पाहुणे वाढले कीं घटले हें तीवरून पुढील विद्यार्थ्यांस कळेल, आणि तो माळ ‘पडीत’ नव्हे, हें सांगावयास आपल्यापाशीं पुरावा राहील.