उपनगरातली माकडे आणि न आलेला मलेरिया

कान्हेरीच्या पायऱ्यांवर हातातली वेफर्सची पिशवी हिसकावून पळणारे माकड मुंबईकराला नवे नाही. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांच्या, मुलुंडला डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांच्या गच्चीवरही ती येतात. या माकडांकडून आपल्याला मलेरिया होईल का? प्रश्न वेडगळ वाटतो, पण मलेशियात गेली वीस वर्षे तो दवाखान्यातला रोजचा प्रश्न आहे. आपल्या उपनगरांत माकड आहे, माणूस आहे, मलेरियाही मुबलक आहे, तरी माकडांकडून आलेल्या मलेरियाची साथ इथे कधी झालेली नाही. असे का, याचे उत्तर शोधायला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात डासापासून करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. ग्लेन लिस्टन हे लष्करी डॉक्टर वऱ्हाडातल्या अचलपुरात डासांच्या सवयी टिपत होते. १९०१ मध्ये त्यांनी एका डासाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोच अॅनॉफिलिस स्टीफेन्सी. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला आणि बोट ठेवले ते याच डासावर आणि घरोघरच्या विहिरी-हौदांवर. विहिरी बुजवा किंवा झाका, असा आदेश निघाल्यावर शहरात गदारोळ झाला. पारश्यांसाठी आणि हिंदूंसाठीही विहीर म्हणजे नुसते पाणी नव्हते, पूजेची जागा होती. रुस्तम मसानी तेव्हा पालिकेच्या सेवेत होते. या वादातूनच त्यांनी विहिरींच्या लोकश्रद्धांवर १९१८ साली एक अख्खे पुस्तक लिहिले. पालिकेच्या कामकाजातून इतके वाचनीय काही क्वचितच निघाले असेल! अंधेरी, घाटकोपर, बोरिवली तेव्हा पालिकेच्या हद्दीबाहेर होती. ती आत आली १९५० आणि १९५७ मध्ये.

स्टीफेन्सी हा घरातला डास. त्याला जंगलातले डबके नको, तुमचे-आमचे स्वच्छ, साठवलेले पाणी हवे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता कोलकात्याला जाऊ.

१९३१ मध्ये तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये काळा आजारावर काम चालू होते. प्रयोगासाठी सिंगापूरहून आणलेल्या एका लांबशेपटीच्या माकडाच्या रक्तात निराळाच मलेरियाचा जंतू दिसला. रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता यांनी तो माणसाला होतो का, हे टोचून पाहिले. झाला. १९३२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि जंतूला नोल्स यांचे नाव मिळाले: प्लाझ्मोडियम नोलेसी. तो रक्तात दर २४ तासांनी नवी पिढी काढतो, म्हणून ताप रोज येतो. मलेरियाचा ताप चढवून उपदंशाचा मेंदूवरचा परिणाम बरा करण्याची तेव्हा पद्धत होती. त्या कामी युरोपात हाही जंतू वापरला गेला. रोमानियात एका माणसातून दुसऱ्यात टोचता टोचता तो इतका जहाल झाला की अखेर तो नाद सोडावा लागला.

प्रयोगशाळेतल्या माकडांनी आपल्याला दिले मात्र बरेच. माकडांच्याच दुसऱ्या एका जंतूवर, सायनोमॉल्गीवर, काम करताना १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांना लंडनमध्ये कळले की मलेरिया आधी यकृतात दडतो. त्याच जंतूने १९८० मध्ये यकृतात महिनोन्महिने झोपून राहणारी अवस्था दाखवली. व्हायवॅक्स मलेरियाचा रुग्ण घाटकोपरच्या दवाखान्यातून प्रायमाक्वीनचा चौदा दिवसांचा डोस घेऊन येतो आणि ताप उतरला की पाचव्या दिवशी पाकीट फ्रीजवर टाकतो. त्या गोळ्या असतात यकृतात झोपलेल्या या जंतूंसाठी. 

माणसाला नोलेसी आपोआप, जंगलात होतो हे पहिल्यांदा दिसले १९६५ मध्ये. मलेशियाच्या पहांग भागात काम करून परतलेल्या एका अमेरिकन सर्वेक्षकाच्या रक्तात नोलेसी सापडला. संशोधकांनी मग हजाराहून अधिक गावकऱ्यांचे रक्त माकडांना टोचून पाहिले, काहीच मिळाले नाही. योगायोगाने एखाद्याला झाला असेल, म्हणून विषय मिटला. तो उघडला २००४ मध्ये, सारावाकमधल्या कापित गावी. बलबीर सिंग, जॅनेट कॉक्स-सिंग आणि सहकाऱ्यांनी २०८ रुग्णांची जनुकीय तपासणी केली, तर १२० जणांत नोलेसी. सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे त्याला 'मलेरी' हा सौम्य मलेरियाचा जंतू समजले जात होते. आज मलेशियात माणसांमधला स्थानिक मलेरिया २०१८ पासून शून्य आहे आणि माकडांकडचा मात्र दरवर्षी हजारोंना होतो.

जोखीम कशाकशाने वाढते, हे मलेशियाच्याच साबा राज्यातल्या अभ्यासांनी नीट मांडले आहे. ज्यांना हा आजार झाला ते बहुतेक प्रौढ पुरुष, शेतात किंवा मळ्यात राबणारे, झाडोरा तोडणारे, बाहेर झोपणारे. घराच्या भिंतींना फटी, भोवती उंच गवत, गेल्या महिन्यात जवळपास माकडे दिसलेली. जंगल तोडले गेले त्या भागात रुग्ण वाढले. तिथला बालाबासेन्सिस डास संध्याकाळी उघड्यावरच चावतो, त्यामुळे मच्छरदाणीचा उपयोग अर्धाच. ही यादी वाचताना आरेतला पाडा किंवा येऊरचा उतार डोळ्यांपुढे येतो, हे खरे. पण सारखेपणा इथेच थांबतो. नोलेसी वाहणारे डास ल्युकोस्फायरस गटातले, ओल्या सावलीच्या जंगलातले. भारतात ते ईशान्येत, अंदमान-निकोबारात आणि दक्षिणेच्या डोंगरी जंगलांत आहेत. नीलगिरीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माकडांमध्ये मलेरिया सापडला आणि तो वाहणारा एलेगन्स डासही. अंदमान-निकोबारच्या रुग्णांच्या रक्तात तर नोलेसीच्या खुणा मिळाल्या आहेत. निकोबारात लांबशेपटीची माकडेही आहेत. मुंबईतली माकडे मात्र निराळी आणि अंधेरीच्या टाकीतला डास माकडाच्या वाटेला जात नाही. त्याला जमत नाही असे नव्हे. प्रयोगशाळेत सायनोमॉल्गी वाढवायला हाच स्टीफेन्सी वापरतात! पण सातव्या मजल्यावर जन्मून पाचव्या मजल्यावर चावणाऱ्याला कान्हेरीच्या झाडावर जायचे कारण काय?

शहराला खेटलेले जंगल म्हणजे आपोआप निर्धोक, असेही नाही. रिओ दि जानेरोच्या आसपासच्या जंगलात २०१५-१६ मध्ये मलेरियाचे ४९ रुग्ण आढळले आणि त्यातल्या तपासलेल्यांत हाउलर माकडांमधला जंतू निघाला. तिथला क्रुझी डास झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या पानांत साठलेल्या पाण्यात वाढतो आणि झाडाच्या शेंड्यापासून जमिनीपर्यंत ये-जा करतो. गंमत अशी, की तो माकडांचा जंतू व्हायवॅक्सचाच भाऊबंद, बहुधा माणसांनीच कधीतरी माकडांना दिलेला.

मराठी मुलखात माकडांशी जोडलेला आजार आला तो निराळ्या वाटेने. १९५७ मध्ये, म्हणजे बोरिवली-मुलुंड मुंबईत आली त्याच वर्षी, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवा विषाणू हुडकला. तो पसरतो गोचिडीतून. पुढे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गात तो पोचला. आजारी पडले ते मुख्यतः काजूच्या बागांत आणि रानात वावरणारे. 'माकडताप' म्हणतात त्याला. तिथे माकड मेले की आरोग्य खाते जागे होते. मलेरियाचे माकड मात्र धडधाकट दिसते, काही सांगत नाही.

मग उपनगरांचा मलेरिया कुठून आला? माणसांकडूनच. २०१० मध्ये मुंबईत ७६ हजारांवर रुग्ण आणि १४५ मृत्यू झाले. शहरभर बांधकामे चालू होती. ताज्या स्लॅबवर सिमेंटच्या चार बोटे उंचीच्या पाळी घालून पाणी साठवतात, ते आठवडाभर तसेच उन्हात राहते आणि त्यात अळ्या वळवळतात. पालिकेचे कामगार बुडवलेल्या पळीत त्या मोजतात. टाकीला घट्ट झाकण आणि वर चढायला शिडी नसेल तर पालिका कायद्याच्या ३८१ कलमाखाली नोटीस येते. सोसायटीच्या सेक्रेटरीला माकडापेक्षा त्या शिडीची चिंता जास्त करायला हवी, असे माझे मत. आता उद्यानाच्या पोटातून बोगदे खणले जात आहेत. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली या दोन्ही कामांचे भूमिपूजन २०२४ मध्ये झाले. मजुरांच्या छावण्यांत रक्ततपासणी झाली पाहिजे, ती माकडांच्या भीतीने नव्हे, तर गावाकडून आलेल्या मजुराच्या रक्तातला व्हायवॅक्स आणि छावणीतले उघडे पिंप एकत्र येतात म्हणून.

नोलेसी उपनगरात यायचाच झाला, तर तो बहुधा विमानाने येईल. मलेशियाला आता व्हिसाशिवाय जाता येते, साबाच्या जंगलात फिरायलाही लोक जातात. परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर फॅमिली डॉक्टरांना हे आधी सांगितले पाहिजे. नोलेसी सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली फॅल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूसारखा आणि नंतर मलेरीसारखा दिसतो आणि चोवीस तासांच्या चक्रामुळे झपाट्याने बळावतो. अहवालात 'मलेरी' आले आणि जंतू मात्र भरमसाट असले, तर तेवढ्यावर थांबू नये. पीसीआर ही जनुकीय तपासणी करून घ्यावी, आणि औषध मात्र तिच्या निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी सुरू करावे.