लेबल प्रिंटरची निगा

संत तुकाराम नगरातील आपल्या रुग्णालयात रक्ताच्या प्रत्येक नळीवर रुग्णाची ओळख सांगणारे बारकोडचे लेबल लागते. प्रिंटहेडमध्ये तापणाऱ्या सूक्ष्म बिंदूंची रांग असते. तिच्यावर धूळ वा डिंक साचला की छपाईत पांढरी रेघ उमटते, बारकोड वाचला जात नाही आणि प्रसंगी तान्ह्या बाळाला पुन्हा सुई टोचावी लागते. अशा वेळी उष्णता वाढवून छपाई गडद करण्याचा मोह होतो; त्याने प्रिंटहेड लवकर झिजते. म्हणून प्रत्येक रोल बदलताना प्रिंटर बंद करून, प्रिंटहेड निवल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. ब्लेडने खरवडण्यास सक्त मनाई आहे. पुसूनही रेघ राहिली, तर बिंदू जळालेला असतो. मग प्रिंटहेड बदलावेच लागते. नव्या दालनाची फीत कापली जाते, या बाटलीची नाही. तरी देणगीदारांनी अशा किरकोळ खर्चाकडेही आपुलकीने पाहावे, ही विनंती.